स्टिकरवरचा आकडा

घरच्या संगणकातला प्रोसेसर दिवसाचा बराचसा वेळ रिकामा बसून असतो. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूचा आलेख दिसेल. आपण वीजबिल भरत असतो, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त टाइप करत असतो, व्हॉट्सॲप वेबवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असतो आणि तो आलेख तळाशी सरपटत असतो. नवे पान उघडले की उसळी मारतो, सेकंद-दोन सेकंदांत पुन्हा खाली येतो. घरगुती वापराचे खरे रूप हे असे आहे: लांबलचक विश्रांती आणि मधूनमधून छोटीशी धावपळ.

दुकानात मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?” हा प्रश्न अपुरा आहे आणि त्याला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा महाग पडते.

एक जुनी जोडी घेऊन पाहू. इंटेलचा कोअर आय७-७५००यू हा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर २०१६ सालचा. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०१७ मध्ये, कोअर आय५-८२५०यू आला. दोघांची अधिकृत विजेची मर्यादा सारखीच, १५ वॅट. पहिल्यात कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे विभाग, दोन, दुसऱ्यात चार. अनेक कामे एकदम चालू असताना हा ‘धाकटा’ आय५ त्या ‘थोरल्या’ आय७ला सहज मागे टाकतो. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांची यादी जाहीर केली. इंटेलच्या बाबतीत ती, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे आय५-८२५०यू यादीत आहे आणि जास्त पैसे मोजून घेतलेला आय७-७५००यू बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला, तेव्हा वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या या दोन लॅपटॉपांचे नशीब अगदी वेगळे ठरले.

आय३, आय५, आय७ ही त्या त्या वर्षाच्या मालातली प्रतवारी आहे, एवढेच. प्रतवारी दरवर्षी नव्याने लागते, त्यामुळे वर्ष कळल्याशिवाय तिला अर्थ नाही. वर्ष कळते ते पुढच्या लांबलचक क्रमांकावरून, जो स्टिकरवर बहुधा छापलेलाच नसतो. आय५-८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, दुकानदारांच्या भाषेत ‘एट्थ जेन’. आय५-१२४०० किंवा आय५-१२३५यू असेल तर सुरुवातीचे १२ म्हणजे बारावी. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने ‘आय’ गाळून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे आणली आणि गोंधळात भर घातली. साध्या ‘कोअर ५ १२०यू’चा आराखडा आधीच्याच पिढीचा आहे. नाव नवे, वस्तू तीच.

एएमडीची तऱ्हा याहून मजेशीर आहे. २०२३च्या लॅपटॉपांसाठी त्यांनी चार आकड्यांची अशी पद्धत काढली की पहिला आकडा विक्रीचे वर्ष सांगतो आणि आतला आराखडा किती जुना आहे ते तिसरा आकडा सांगतो. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे कानाला जुळे भाऊ वाटतात, पण पहिल्यात ‘झेन २’ आराखड्याचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात ‘झेन ३’चे सहा. झेन २ बाजारात आला होता २०१९ मध्ये. शिवाय ७५२०यू सोबत चालणारी रॅम मदरबोर्डवर झाळून पक्की केलेली असते. आठ जीबीचा घेतलात तर तो जन्मभर आठ जीबीचाच राहणार. कंपनीने आकड्यांचा खुलासा जाहीरपणे केला होता, त्यामुळे याला खोटेपणा म्हणता येत नाही. पण काही वर्षांतून एकदा लॅपटॉप घेणाऱ्या माणसाने तिसरा आकडा वाचावा अशी अपेक्षा धरणे हा सरळपणाही नव्हे.

एकेकाळी हे सगळे सोपे होते, किंवा तसे वाटत तरी होते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतला इंटेल ८०८८ सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके टाकत असे, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्‌झ. पुढची वीसेक वर्षे संगणक घेणे म्हणजे हा आकडा वाचणे. मार्च २००० मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आधी जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलने आपला आणला, इतकी ती चुरस होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला. त्याच्या रचनाकारांनी एकेका आज्ञेचे काम वीस बारीक टप्प्यांत तोडले. टप्पा जितका लहान तितका ठोका जलद टाकता येतो. पण एका ठोक्यात होणारे कामही कमी झाले. परिणामी १.४ गिगाहर्ट्‌झचा पहिला पेंटियम ४ काही कामांत १ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ३ पेक्षा मागे पडत असे. जाहिरातीतला आकडा मोठा असल्याने गिऱ्हाइकांच्या हे सहसा लक्षात येत नव्हते.

ही रचना दहा गिगाहर्ट्‌झपर्यंत नेता येईल अशी इंटेलची अपेक्षा होती. गाडी ३.८ वर अडली. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तसा त्यांना लागणारा विजेचा दाबही कमी करता येत होता आणि त्यामुळे उष्णता आटोक्यात राहत होती. २००४ च्या सुमारास तो दाब आणखी उतरवणे अवघड झाले, बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही वीज गळू लागली आणि प्रोसेसर शेगडीसारखे तापू लागले. त्या वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. तोवर कंपनीच्याच इस्राएलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी पेंटियम एम नावाचा शांत स्वभावाचा प्रोसेसर तयार केला होता. तो १.६ गिगाहर्ट्‌झवर चालून कितीतरी मोठ्या आकड्याच्या पेंटियम ४ च्या तोडीचे काम करी, कारण त्याच्या एकेका ठोक्यात जास्त काम उरकत असे. २००६ चा कोअर टू ड्युओ याच वळणाने आला. आजचा आय३ देखील त्याच घराण्यातला.

म्हणून गिगाहर्ट्‌झचा आकडा दोन वेगळ्या पिढ्यांची तुलना करायला वापरू नये. २०१७ च्या जानेवारीत आलेला आय७-७७००के हा त्या काळचा डेस्कटॉपचा मानकरी. चार कोअर, आठ थ्रेड (म्हणजे एकदम आठ कामांचे धागे), ९१ वॅट. पाच वर्षांनी आलेल्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेड आहेत, वॅट ६० आणि काम त्याहून सरस.

ठोके वाढवणे थांबले म्हणून कंपन्यांनी कोअर वाढवले, आणि आता जाहिरातीत कोअरची संख्या मिरवली जाते. जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, हा हिशेब घरच्या कामांना फारसा लागू पडत नाही. पुरणपोळ्यांच्या दिवशी लाटायला चार जण बसले तरी डाळ शिजायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. जीन ॲम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये नेमका हाच हिशेब मांडला: एखाद्या कामाचा निम्मा भाग वाटून देता येत नसेल, तर कितीही हात लावा, काम दुपटीहून जास्त वेगाने होणार नाही. वेबपानातल्या स्क्रिप्टचे मुख्य काम असेच एका धाग्यावर चालते. रेल्वेचे तिकीट काढताना पान अडखळते तेव्हा (दोष बहुधा सर्व्हरचा असतो, पण तो नसेल तेव्हा) आपल्या बाजूला एकच कोअर घाम गाळत असतो आणि बाकीचे बघत बसतात. त्यामुळे घरासाठी एकट्या कोअरचा वेग महत्त्वाचा. संख्या चार ते सहा असली की भागते.

संख्येतही मेख आहे. बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर असतात, मोठे वेगवान आणि छोटे काटकसरी. आय५-१२३५यू ‘दहा कोअरचा’ म्हणून विकला जातो. त्यातले मोठे दोन, छोटे आठ. प्रोसेसर वाईट नाही, चांगलाच आहे, पण दहा हा आकडा ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येते ते खरे नाही.

उलट टोकाला एन१०० आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरात फक्त चार छोटे कोअर आहेत, अधिकृत मर्यादा ६ वॅट. हाताच्या पंजाएवढ्या मिनी पीसीत तो बसतो. पत्रव्यवहार, बँक, बातम्या, सिनेमा एवढ्यासाठी तो पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन मोठमोठे खोके विकणाऱ्यांना ते आवडणार नाही.

एवढासा प्रोसेसर फोर-के व्हिडिओ न अडखळता दाखवतो आणि २०१३ सालचा तगडा आय७-४७७० यूट्यूबवर पंखा घुमवतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ आवळून बांधलेला असतो. तो उलगडण्याचे काम दोन प्रकारे होते. एक तर प्रोसेसरच्या कोअरने गणित करकरून, नाही तर त्याच चिपवर नेमक्या त्याच कामासाठी कोरलेल्या स्वतंत्र मंडलातून. दुसरा मार्ग अतिशय कमी विजेत होतो. पण मंडल ज्या बांधणीसाठी कोरले तीच त्याला कळते. यूट्यूबने पूर्वीच्या एच.२६४ च्या जोडीला व्हीपी९ ही बांधणी आणली, मग एव्ही१. व्हीपी९ पूर्णपणे उलगडणारे मंडल इंटेलच्या सातव्या पिढीत आले, एव्ही१ चे अकराव्या पिढीत, २०२० मध्ये. चौथ्या पिढीच्या आय७कडे या दोन्हींचे मंडल नाही, तो बिचारा कोअर झिजवत बसतो. एन१०० मध्ये दोन्ही मंडले आहेत. जुना ‘मोठा’ आणि नवा ‘छोटा’ यांत निवड करताना हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवेन, कारण आज घरच्या संगणकावर बरेच तास जातात ते व्हिडिओवर.

एन१०० कुठे थकतो तेही सांगायला हवे. ऑनलाइन वर्ग किंवा मुलाखत चालू आहे, स्वतःचा कॅमेरा चालू, समोर वीस-पंचवीस चेहऱ्यांच्या चौकटी, त्यात आपल्या मागचे कपाट दिसू नये म्हणून पार्श्वभूमी धूसर केलेली, शेजारी पीपीटी उघडी. ही घरातली खरी जड कामगिरी. प्रत्येक चित्रात माणूस कुठे संपतो आणि कपाट कुठे सुरू होते हे सेकंदाला कित्येक वेळा ठरवावे लागते. ज्या घरात दोन मुले शिकत आहेत आणि कुणी तरी घरून नोकरी करते, तिथे अलीकडच्या पिढीचा आय३, आय५ किंवा सहा कोअरचा रायझन ५ घ्यावा. त्यापुढच्या पायरीची गरज व्हिडिओ संपादन करणाऱ्याला, मोठे प्रोग्रॅम बांधणाऱ्याला भासते. गेम खेळणाऱ्याचे पैसे प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डात जातात, तो विषय निराळा.

पार्श्वभूमी धूसर करण्यासारख्या कामांसाठी आता चिपवर एनपीयू नावाचा वेगळा विभाग येऊ लागला आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ हे बिरुद जाहीर केले. ते मिळवण्यासाठी एनपीयूने सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया कराव्यात आणि सोबत किमान १६ जीबी रॅम असावी, अशी अट आहे. अट रॅमची आहे म्हणून मला ती आवडते. बिरुदासाठी मात्र वेगळे पैसे मोजू नयेत. आपण एआयला जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे अजून तरी बहुतांशी दूरच्या सर्व्हरवरून येतात.

आता उष्णता. लॅपटॉपच्या क्रमांकाच्या शेवटचे अक्षर हाच तिचा पत्ता. ‘यू’ म्हणजे काटकसरी, साधारण १५ वॅटचा, ‘एच’ म्हणजे ४५ वॅटच्या घरातला. एच ऐकायला भारी वाटतो, पण पातळ अंगाच्या लॅपटॉपमध्ये तो पहिली काही मिनिटे धावतो, मग शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग उतरवतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीचेच तापमान चाळीसच्या पुढे असते. पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली, मग थंड करायला अवकाश उरतो कुठे? अशा घरात यू अक्षराचा प्रोसेसर पंख्याचा आवाजही वाचवतो आणि इन्व्हर्टरवरचा वेळही.

डेस्कटॉप जुळवून घेणाऱ्यांसाठी अक्षरे वेगळी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुकानात कोटेशन मागितले की त्यात आय५-१२४००एफ येतो, कारण तो स्वस्त दिसतो. ‘एफ’ म्हणजे आतला ग्राफिक्स विभाग बंद केलेला. वेगळे कार्ड न घेता जोडणी केली तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चेही तसेच, घरासाठी ‘जी’ असलेला ५६००जी हवा. असे अर्धे बंद प्रोसेसर का विकतात, याचे उत्तर कारखान्यात आहे. लाखो-कोटी ट्रान्झिस्टरांच्या चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतो. आठ कोअरपैकी दोन बिघडले तर ते बंद करून सहा कोअरचा माल म्हणून विकता येतो. वाया जाणारा माल कमी आणि गिऱ्हाइकाला स्वस्त, यात वावगे काही नाही. अक्षर वाचून घ्यावे, इतकेच. ‘के’ अक्षराचे जादा पैसे वेग वाढवून बघणाऱ्या हौशींसाठी असतात, घरात त्याचा उपयोग नाही.

प्रोसेसर ‘बॉक्स’मध्ये मिळतो आणि ‘ट्रे’मध्येही. इंटेलच्या बॉक्सला कंपनीची तीन वर्षांची हमी असते, ट्रेला विकणाऱ्या दुकानदाराची. वाचणारी रक्कम पाहून ठरवा, पण बिलावर काय लिहिले आहे ते बघा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले मोठे डेस्कटॉप प्रोसेसर विजेच्या जास्त दाबाने खराब होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचा वापरलेला आय७ किंवा आय९ कुणी स्वस्तात देत असेल तर माझा सल्ला नकाराचा आहे.

आय५ ऐवजी आय३ घेऊन वाचलेले पैसे कुठे घालायचे, हा खरा आनंदाचा भाग. आधी एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे जास्त. त्यात सुई सरकण्याचा वेळ धरला की बारा-तेरा होतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर साडेतीन कोटींहून जास्त ठोके टाकून मोकळा होतो, वाट पाहत. संगणक ‘स्लो झालाय’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा ही वाट पाहणे चालू असते. म्हणून जुन्या यंत्रात एसएसडी बसवली की ते वेगळेच वाटू लागते, प्रोसेसर तोच राहूनही. त्यानंतर रॅम, १६ जीबी, जमल्यास आठ-आठच्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरतात आणि दोन पट्ट्यांमुळे त्यांचा रस्ता दुप्पट रुंद होतो.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आणि ॲपलचे एम मालिकेतले मॅक हे दोन्ही इंटेल-एएमडीहून वेगळ्या एआरएम घराण्यातले, बॅटरी टिकवण्यात पटाईत. रोजची सॉफ्टवेअर त्यांवर चालतात. अडचण येते जोडलेल्या वस्तूंची, कारण प्रत्येकीचा ड्रायव्हर त्या घराण्यासाठी वेगळा बनलेला असावा लागतो. घरात दहा वर्षांचा प्रिंटर असेल किंवा जीएसटीच्या कामासाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लावावे लागत असेल, तर त्या वस्तू दुकानात नेऊन समोर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा काही नाही. मोठ्या कार्यालयांतून मुदत संपून बाहेर पडलेली यंत्रे दणकट असतात, फक्त आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे बघावे. सातव्या पिढीचे किंवा त्याहून जुने यंत्र आधीपासून घरात असेल तर त्यावर लिनक्स टाकून बरीच वर्षे काढता येतात, मराठी टंकलेखनही उत्तम चालते.

धोका आहे तो ‘नव्या’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डेस्कटॉपात. जाहिरात म्हणते: कोअर आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, वाय-फाय, मॉनिटरसह. किंमत ऐकून हात शिवशिवतात. कॅबिनेट खरोखर नवे असते, पुढे रंगीत दिवे असतात, मदरबोर्डही कोरा. आत बहुधा आय५-२४०० सारखा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो, २०११ साली निघालेला आणि कुठल्यातरी जुन्या यंत्रातून काढलेला. त्याला ना व्हीपी९ कळते, ना विंडोज ११च्या यादीत तो आहे. जाहिरातदाराला पूर्ण क्रमांक विचारा. ‘आय-फाइव्हच आहे हो’ असे उत्तर आले तर फोन ठेवा. दुकानात असाल तर यंत्र चालू करायला सांगा, सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथला ओळीभर क्रमांक कागदावर उतरवा आणि तोच बिलावरही लिहून घ्या.